जिभेवरचा पाला

बेकरीतल्या क्रीममध्ये साखर बरोबर पडली की नाही, हे उस्तादांची जीभ ठरवायची. मधुमेह निघाल्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं. पण चमच्याच्या टोकाएवढी चव उस्तादांनी भांडून मंजूर करून घेतली. चाखणं गेलं की आपण घरी बसलो, ही धास्ती त्यांच्या मनात होती. मुलगी सगळं काम शिकली होती, तरी चाखायचा मान काही तिला मिळत नव्हता.

मग रक्तातली साखर उतरावी म्हणून त्यांनी वैद्यांकडून गुडमारचा पाला आणला. वैद्य म्हणाले, "हा चघळला की तासभर गोड कळणार नाही. आणि डॉक्टरांच्या कानावर घाला." उस्तादांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. इतक्या वर्षांची जीभ, ती पाल्याला दबते होय! शिवाय डॉक्टर ओरडणार, आणि मुलीला कळलं तर चाखणं तिच्याकडे जाणार. तेव्हा भट्टी पेटवता पेटवता पाला गुपचूप तोंडात जाऊ लागला.

एका सकाळी क्रीम मिळमिळीत लागलं. उस्ताद कारागिरांसमोरच मुलीवर घसरले.

"साखर काय घरी विसरून आलीस?"

"मापातच घातलीय, बाबा."

"मला शिकवू नकोस!"

त्यांनी स्वतःच साखर ओतली. संध्याकाळी दोन केक परत आले, घशाखाली उतरेनात इतके गोड. त्याचंही खापर त्यांनी तिच्यावरच फोडलं.

दुसऱ्या दिवशी ऑर्डरींची घाई होती. गोळी घेतली, पाला चघळला, खाणं मात्र राहून गेलं. ट्रे उचलताना हात थरथरले, दरदरून घाम सुटला आणि उस्ताद मैद्याच्या पोत्यावर मटकन बसले. मुलगी ग्लास घेऊन धावली. त्यांनी घोट घेतला आणि थुंकला.

"साखरेचं पाणी दे. हे नुसतं पाणी आहे."

"साखर आहे त्यात, बाबा. मूठभर घातलीय."

"खोटं बोलतेस."

ती रडकुंडीला आली होती, पण ग्लास तिने त्यांच्या ओठांपासून हलवला नाही. जीभ म्हणत होती पाणी, मुलगी म्हणत होती साखर. उस्तादांनी पहिल्यांदाच जिभेचं ऐकलं नाही. ते बेचव पाणी त्यांनी घटाघटा संपवलं. जरा वेळाने थरथर थांबली, तेव्हा पुटपुटले, "पाला खाल्लाय मी."

डॉक्टर चिडले ते पाल्यापेक्षा लपवाछपवीवर. गोळी आणि पाला दोन्ही साखर उतरवणारे. एकाला दुसऱ्याचा पत्ता नको? त्यांनी वैद्यांना फोन लावला, गोळीचं प्रमाण बदललं, आणि पाला बेकरी बंद झाल्यानंतरच, जेवणाबरोबर घ्यायचा ठरला. जीभ शाबूत आहे एवढं कळल्यावर उस्तादांचा जीव भांड्यात पडला. गप्प बसले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

पुढच्या सकाळी त्यांनी मुलीचं क्रीम चाखलं. साखर अगदी मापात होती. ते कारागिरांकडे वळले.

"परवाचं क्रीमही बरोबरच होतं. मी नासवलं."

मुलगी अंडी फेटत होती.

"माहीत होतं मला," ती म्हणाली आणि फेटत राहिली.