उतरता आकडा

"ही बशी तुम्हीच मोजली होती बाई. सही तुमचीच आहे," साहेब म्हणाले.

"म्हणून तर आले. मार्चमध्ये मी एकेचाळीस लिहिलेत. परत मोजले तर एकशे बारा भरले."

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. किनाऱ्याजवळचं पाणी गाळायचं, गाळणकागद काचेच्या बशीत ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि अडकलेले प्लॅस्टिकचे कण, तंतू एकेक करून मोजायचे, यात तिची एकोणीस वर्षं गेली होती. गेली चार वर्षं आकडा उतरत होता. समुद्र सुधारतोय, असा अहवाल साहेबांनी मोठ्या हौसेने लिहिला होता. पुढच्या आठवड्यात तो छापायला जायचा होता. तिनेही नात्यागोत्यात कौतुक करून घेतलं होतं.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर तिला ओट्यावरचे डाग दिसले, आरशात स्वतःचं वय दिसलं, आणि कामावर रुजू झाल्या दिवशी काचेसारखे बिनरंगी तंतू दिसले. शंका आली म्हणून तिने मार्चमधली जुनी बशी काढून पुन्हा मोजली.

"सात महिन्यांनी निवृत्त होतेयस आई," घरी मुलगी म्हणाली होती. "कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस? कुणाला कळणारेय?"

"मला कळलंय ना."

बोलून गेली खरी, पण धास्ती तिलाही होती. एकोणीस वर्षांचं नाव एका बशीत बुडणार होतं.

"चार वर्षांच्या दोनशेवर बश्या आहेत," साहेब आता म्हणाले. "कुठल्या महिन्यापासून चुकलंय?"

"ते कसं सांगू? दिसत नाहीये, हेच कळलं नाही."

"अहवाल थांबवावा लागेल. कारण द्यावं लागेल. तुमचं नाव येईल त्यात."

"येऊ द्या. मोजणारी मीच होते."

साहेबांनी जुन्या बश्यांच्या कपाटाची किल्ली टेबलावरून तिच्याकडे सरकवली.

दुपारपर्यंत अकरा बश्या झाल्या. घट कुठेच नव्हती. समुद्र सुधारला नव्हताच, उलट दरवर्षी थोडा बिघडला होता. स्वतःच्या नाचक्कीपेक्षा तिला याचंच जास्त वाईट वाटलं. तरी हात थांबला नाही. वहीतल्या जुन्या आकड्यावर ती एकच बारीक रेघ ओढायची, खालचा आकडा कुणालाही वाचता येईल अशी. शेजारी खरा आकडा लिहायची, त्यापुढे पूर्ण नावाची सही करायची, आणि पुढची बशी उचलायची.