खाली ठेवलेली वीणा

कळंबजवळच्या त्या गावात विठ्ठलराव बोलायला लागले की बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं, अशी जुनी सवय होती. कापूस, तूर आणि देव या तिन्ही बाबतींत त्यांना शंका म्हणून येत नसे. दरवर्षी चैत्रात मारुतीच्या देवळात नामसप्ताह बसला की ते मंडपात सांगत, नाव घेणाऱ्याचा भार आपण वाहू असं देवानं वचन दिलंय, मग काळजी कशाची? सप्ताहभर वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जायची, जमिनीला लागायची नाही.

यंदा ऐन सप्ताहात बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक दिपाली झटके येऊन बेशुद्ध पडली. विजयमालाबाई तिला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात धावल्या. विठ्ठलराव गेले नाहीत. आपण वीणेवर उभे राहतो, देव पाहून घेईल, असं त्यांनी चारचौघांत जाहीर केलं. लोकांनी माना डोलावल्या, आणि खरं सांगायचं तर विठ्ठलरावांना ते बरं वाटलं.

दुपारच्या पहाऱ्याला ते एकटेच होते, टाळकरी जेवायला गेलेले. तेवढ्यात फोन वाजला. पोरगी डोळे उघडत नाही, डॉक्टर काही सांगायला तयार नाहीत, असं म्हणून विजयमालाबाई रडायला लागल्या. "तुमच्या देवाले विचारा आता," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

विठ्ठलरावांनी नाव घ्यायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मूर्तीकडे पाहिलं तर नुसता शेंदूर दिसला. एकदम संताप आला. त्यांनी वीणा खांद्यावरून काढून सरळ सतरंजीवर ठेवली आणि खांबाला टेकून तोंडात उपरणं कोंबून रडले.

डोकं वर केलं, तर पुढच्या पहाऱ्याचा घनश्याम दारात उभा. दुसरं कोणीही असतं तर चाललं असतं. याची बायको आजारपणात गेली, तेव्हा विठ्ठलरावच सगळ्यांदेखत त्याला म्हणाले होते, देवाचं वचन खोटं होत नाही, तुझाच भरवसा कमी पडला. तो बिचारा खाली मान घालून ऐकत राहिला होता. आता विठ्ठलरावांना तोंड लपवायला जागा उरली नाही.

घनश्यामनं पाय धुतले, वीणा उचलून खांद्यावर घेतली आणि नाम सुरू केलं.

"मी तुले लय वाईट बोललो होतो," विठ्ठलराव म्हणाले. "माहा भरवसा तर एका फोनात गेला."

"माहाबी गेलता, भाऊ. कितीक दिवस देवळाची पायरी नाई चढलो," घनश्याम म्हणाला. "पन वचन त्यानं देलं हाये, आपन नाई. आपल्या भरवशावर थोडीच चालते ते?"

हे वचन आपण इतकी वर्षं लोकांनाच सांगत आलो, स्वतःसाठी कधी धरलंच नाही, हे विठ्ठलरावांना तेव्हा कळलं आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली. भीती होती तशीच होती, पण आता त्या भीतीत ते एकटे नव्हते.

वीणा देताघेताना एकमेकांच्या पाया पडायची रीत. मघाशी ती राहून गेली होती. विठ्ठलरावांनी घनश्यामच्या पायांवर डोकं ठेवलं. वीणा सांभाळत तोही वाकला.

"आता पोरीजवळ जा," तो म्हणाला. "तुमचा पहारा मी करतो."

विठ्ठलराव भर उन्हात फाट्याकडे निघाले. वाटेत त्यांनी देवाचं नाव घेतलं. या खेपेला ऐकायला कोणी माणूस नव्हतं.