उष्टी रोटी

डोंगरातल्या शिर्गोव गावात घर सोडून लांब निघालेला माणूस उंबऱ्यात उभा राहून रोटीचा एक घास दातांनी तोडतो आणि उरलेली रोटी घरात राहते. ती दुसऱ्या कुणी खायची नाही. गेलेला माणूस परत आला की त्यानेच ती संपवायची, मग तिचा दगड झालेला असो. रोटी घरात आहे तोवर त्याची परतीची वाट मोकळी आहे, असं सगळे मानतात. शाळेतला मास्तरही मानतो, फक्त चारचौघांत हसतो.

नियोझबेगिमच्या घरात दाराजवळच्या खांबावर अशी एक रोटी पांढऱ्या फडक्यात बांधून टांगलेली होती. तिचा एकुलता एक लेक झोइर मॉस्कोला इमारतींच्या कामावर गेला, तेव्हापासूनची. जाताना त्याने एवढा मोठा घास तोडला होता की त्याचा बाप कदमशो म्हणाला होता, "अरे, परत येऊन खायला काही ठेवशील की नाही?" पोरगा भरल्या तोंडाने हसला होता. त्यावर दोन हिवाळे गेले. कदमशो बाहेरून आला की टोपी काढायच्या आधी फडक्याला बोट लावायचा. बेगिम बोट लावायची नाही, नुसती बघायची. दिवसातून किती वेळा, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी रूता राहायला आली. मुलगी लिथुआनियाची. कुठल्याशा संस्थेने पाठवलेली. सकाळी शाळेत मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि दुपारी शाळेची पडकी भिंत बांधायला दगड वाहायचे, असं तिचं काम. स्वतः होऊन, फुकट. गावाला आधी याचं हसूच आलं. शेजारची म्हातारी मोहिजान तर बेगिमला म्हणाली, "एवढ्या लांब येऊन दगड उचलते? हिच्या देशात दगड मिळत नाहीत का गं?" पण पोरगी चिवट होती. महिनाभरात शेण गोळा करायला शिकली, शीरचाय, म्हणजे दुधाचा खारट चहा, न थुंकता प्यायला शिकली, मोडकीतोडकी का होईना, भाषा बोलायला लागली. बेगिमला ती खोला म्हणायची, म्हणजे मावशी.

आल्या आल्याच तिने रोटीची करपलेली कड कोंबड्यांना फेकली होती. बेगिमने ती उचलली, ओठांना लावली, कपाळाला लावली आणि तिला समोर बसवून सांगितलं, "रूताजान, रोटी टाकायची नाही. वाळली तर चहात बुडवायची. कण खाली पडला तर उचलायचा. रोटी वाया गेली की घराची बरकत जाते." रूताने मान डोलावली. त्यानंतर तिने एक चुराही सांडला नाही. खांबावरच्या रोटीबद्दल मात्र तिला कुणी काही सांगितलं नाही. श्वास घ्यावा लागतो, हे कुणी कुणाला सांगतं का?

जर्दाळू वाळवून झाले आणि झोइरचा फोन यायचा थांबला. शिर्गोवमध्ये फोन फक्त शाळेमागच्या टेकाडावर लागतो. कदमशो दुखऱ्या गुडघ्याने रोज टेकाड चढायचा, वर उभा राहून आभाळाला फोन दाखवायचा आणि उतरून यायचा. "बॅटरी संपली असेल," तो म्हणायचा. "हो, तसंच असेल," बेगिम म्हणायची. बॅटरी इतके दिवस संपत नाही, हे दोघांनाही कळत होतं. बेगिमचा जीव टांगणीला लागला होता, अगदी त्या फडक्याच्या शेजारीच.

बटाटे काढायच्या दिवसांत रूताला ताप भरला. तिला पांघरूण घालून बेगिम शेतावर गेली. दिवस कलताना परतली, तर अंगणातल्या दोरीवर पांढरं फडकं वाळत होतं. बेगिम दोरीपाशीच थांबली. आत जावंसं तिला वाटेना.

रूता दारात आली. ताप उतरला होता, चेहरा खुलला होता.

"खोला! बघ, मी रोटी टाकली नाही. जुनी होती, खूप जुनी. दगड! भूक लागली, दुसरं काही दिसलं नाही. चहात भिजवली, खूप वेळ. पण सगळी खाल्ली. कणसुद्धा नाही ठेवला." आणि तिने रिकामा वाडगा पुढे केला, शाळेतल्या पोराने पाटी दाखवावी तसा.

वाडग्याच्या तळाशी झोइरच्या रोटीचा चुराही उरला नव्हता. पण पाहुण्याला त्याची चूक दाखवणारं घर शिर्गोवमध्ये आजवर कुणी पाहिलेलं नाही, आणि ते आपलं असावं हे तिला जमणारं नव्हतं.

"शाबास गं पोरी," ती म्हणाली. "शहाणी आहेस."

मग ती गोठ्यात गेली आणि गाईच्या मानेत तोंड खुपसून रडली. तिला रूताचा राग आला, स्वतःचा आला आणि सगळ्यांत जास्त त्या शहाणपणाच्या धड्याचा आला. तिनेच शिकवलं होतं ना!

कदमशो यायच्या आत तिने शेतावर नेलेल्या टोपलीत उरलेली एक साधी रोटी ओल्या फडक्यात बांधून खांबाच्या खिळ्याला अडकवली. तो आला, त्याने सवयीने बोट लावलं आणि थबकला.

"फडकं ओलं कसं गं?"

"धुतलं. धुराने काळं पडलं होतं."

"रोटी काढून?"

"नाही तर काय, रोटीसकट धुऊ?"

कदमशो हसला. बेगिमही हसली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती नवऱ्याशी पहिल्यांदा खोटं बोलली होती आणि ते इतकं सहज जमलं, याचीच तिला भीती वाटली.

पण टोपलीतली रोटी म्हणजे नुसती रोटी. तिच्यावर कुणाचा दात नव्हता. बेगिम फडक्याकडे बघायची आणि तिला वाटायचं, आता पोराला घराकडे ओढून आणणारं इथे काहीच नाही. एकदा घरात कुणी नसताना तिने ती सोडली आणि स्वतःच्या दातांशी नेली. तोडली मात्र नाही. ती कुठे निघाली होती? चुलीपासून गोठ्यापर्यंत जाणाऱ्या बाईच्या दाताला कोण विचारतो?

निघणार होती ती रूता. घाटातला रस्ता बर्फाने बंद व्हायच्या आत तिला खोरोगला, खालच्या शहरात, पोहोचायचं होतं. जीपवाला ओदिना सकाळीच येऊन हॉर्न वाजवायला लागला. रात्री पाऊस झाला होता, शिखरं ढगांत बुडाली होती आणि तंगीत, म्हणजे खालच्या चिंचोळ्या वाटेवर, मधूनमधून दगड पडतायत असं तो सांगत होता. कदमशो रूताला निरोप देऊन टेकाडावर गेला होता. बेगिमने पहाटे तंदूर पेटवला होता. एक गरम रोटी दोन्ही हातांत धरून ती उंबऱ्यात आली.

"घास तोड," ती म्हणाली. "हातांनी नाही, दातांनी. उरलेली घरात राहील."

"का, खोला?"

"घरातलं माणूस निघालं की असं करतात."

रूताच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी घरातली?"

"घरातलीच की."

रूताने घास तोडला. लहानसा, नीटनेटका. तेवढ्या वेळात बेगिम मनातल्या मनात म्हणत होती, झोइर, झोइर, झोइर. नाव लेकाचं, दात परक्या पोरीचे. पोटात एक आणि ओठांवर एक ठेवून तिने त्या मुलीला मिठी मारली. आपण काय करतोय हे तिला चांगलं कळत होतं. या पोरीने खाल्लेली वाट तिच्याचकडून भरून घ्यायची होती. वरचा काय, दात मोजत असेल, चेहरे थोडेच बघत असेल? अडलेल्या आईचे हिशेब हे असे असतात आणि त्यात शहाणपण शोधू नये.

"मी येईन परत," रूता रडत म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात. नक्की!"

"ये हं," बेगिम म्हणाली आणि तिच्या अंगावर काटा आला. हे तिला मागायचं नव्हतं.

जीप वळणाआड गेली. बेगिमने फडक्यातली जुनी खोटी रोटी काढून ही नवी बांधली. गाठ मारते तोच अंगणात कदमशोची आरोळी आली. तो लंगडत लंगडत पळत होता. कित्येक वर्षांत त्याला पळताना कुणी पाहिलं नव्हतं.

"अगं, फोन लागला! पोरगा खोरोगला आहे! म्हणजे होता, पहाटेच निघालाय गाडीने. अचानक येऊन आपल्याला चकवणार होता म्हणे, म्हणून फोन बंद. गाढव लेकाचा! दुपारपर्यंत येतोय!"

बेगिम खाली बसली. हसावं की त्या गाढवाच्या नावाने ओरडावं, तिला कळेना. मग ती हसली, तोंडावर ओढणी धरून मोठ्याने हसली. मान्य झालं होतं! नुसता एक घास, आणि लगेच मान्य झालं होतं. तिने कदमशोला मेंढा कापायला पिटाळलं, मोहिजानला कुंपणावरून हाक मारून सांगितलं, गाद्या झटकल्या. मोहिजान तिथूनच ओरडली, "आता सून शोधा गं, नाही तर पुन्हा रोटी चावून पळेल!"

दुपारी पुन्हा पाऊस लागला. वर शिखरांवर बर्फ पडत असणार, कारण वारा एकदम बोचरा झाला. मांस शिजत होतं. तेवढ्यात खालच्या अंगाने एक आवाज आला, लांबलचक, जड. फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणले आणि थांबले.

"ढग," कदमशो म्हणाला.

"हो, ढग," बेगिम म्हणाली.

ढग खालून गडगडत नाहीत. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. कदमशोने चुलीत शेणी सारली. बेगिमने पातेल्यावरचं झाकण उचललं, काही न बघता परत ठेवलं. मांस शिजलं, मग जास्त शिजलं, मग चुलीवरून उतरवलं. पाऊस थांबला तरी रस्त्यावर कुणी दिसेना. बेगिम दारात जाऊन उभी राही आणि परत येई. तिला खांबाकडे बघवत नव्हतं. सकाळी हीच रोटी तिला केवढी हुशारी वाटली होती.

अंधारून यायच्या आधी कुत्रा भुंकला, आणि मग भुंकायचा थांबून कुईकुई करायला लागला. ओळखीच्या माणसासाठी तो तसं करायचा.

"आला!" कदमशो उठला. खिडकीतून त्याला वाटेवर चिखलात माखलेलं एक माणूस दिसलं आणि त्याच्या खांद्यावरची निळी बॅग दिसली. पोराला ती बॅग त्यानेच घेऊन दिली होती. "त्याचीच बॅग आहे! आला गं आला!" आणि रीतीप्रमाणे पोराच्या हातात द्यायला म्हणून त्याने आधी खांबावरचं फडकं ओढलं आणि गाठ सोडायला घेतली.

दारात रूता उभी होती. तिची स्वतःची पिशवी तिच्याजवळ नव्हती. एका हाताच्या बोटांतून रक्त येत होतं, नखं फुटली होती.

"तो मागून येतोय ना?" कदमशोने विचारलं.

रूताने बॅग खाली ठेवली. तिला शब्द सापडत नव्हते, जे सापडत होते ते ती एकेक करून ठेवत होती. "तंगीत दगड पडले होते. आमची गाडी इकडे, त्याची गाडी तिकडे. तो दगडांवरून चालत आला, बॅग घेऊन. ओदिनाने सांगितलं, ही तुझ्या घरी राहिली. तो खूप हसला. विचारलं, आई कशी आहे. मी म्हणाले, छान आहे. गाड्या बदलायच्या होत्या, मी त्याच्या गाडीत, तो आमच्या. तो म्हणाला, पाहुणी आधी. माझं ओझं त्याने घेतलं, तिकडे ठेवून येतो म्हणाला. मध्यावर गेला. आणि डोंगर..." तिने हात वरून खाली आणला. "ओदिना खणतोय. सगळे खणतायत. मी पण खणलं. ओदिना म्हणाला, कुणीतरी घरी सांगायला पाहिजे."

कदमशोच्या हातातली गाठ सुटली होती. त्याने खाली पाहिलं. फडक्यात मऊ, आजची रोटी होती आणि तिच्या कडेला छोटासा, नीटनेटका चावा होता. झोइरने तोडला होता तो घास मूठभर होता. कदमशोने रोटीकडे पाहिलं, मग रूताच्या तोंडाकडे, मग बायकोकडे. बेगिमला वाटलं, त्याने विचारावं, ओरडावं, मारावं, पण असं बघू नये.

ती पुढे झाली. नवऱ्याच्या हातातून रोटी घेतली आणि रूतासमोर धरली.

"खा," ती म्हणाली. "तुझी आहे. आलीस ना परत."

रूता मान हलवत राहिली, पण बेगिमने हात मागे घेतला नाही. शेवटी त्या मुलीने रोटी घेतली आणि उंबऱ्यात बसून रडत रडत खाऊ लागली. मधेच एक तुकडा चिखलात पडला. तिने तो रक्ताळल्या बोटांनी उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. बेगिमने शिकवलं होतं तसंच.