शिलाई मशीनवरचा साक्षीदार

मी बोलतोय, शकुबाईंच्या शिलाई मशीनवरचा स्पीकर. मुठीत मावेन एवढा, काळा, कोपऱ्यावर रंग उडालेला. कुठं घडलो ते आठवत नाही. दिग्रसच्या आठवडी बाजारात टॉर्च, चार्जर आणि कंगव्यांच्या ढिगातून अमरनं मला उचललं, तिथून पुढचं सगळं लख्ख आठवतं.

शकुबाई ब्लाउज शिवायच्या. नवरा लवकर गेलेला, त्यामुळं घरात त्या आणि अमर, मायलेक दोघंच. अमर पोलीस भरतीची तयारी करत होता. सकाळी धावायला जायचा, दुपारी आईशेजारी अभ्यासाला बसायचा, आणि पुस्तकं मिटली की माझं बटण दाबायचा. माझ्या कार्डात त्यानं जुन्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या भरल्या होत्या, कुणीतरी खणखणीत आवाजात वाचलेल्या. विलायतेतल्या हवेल्या, धुकं, गालिच्यावर मरून पडलेला उमराव. शकुबाईंना आधी काही उमजेना.

"काहून रे, हा बटलर म्हंजे सैपाकी का?"

"तू आयक तं खरी, माय."

आणि काय सांगू, बाई अशी अडकली! गोष्ट रंगात आली की पायडलवरचा पाय थांबे. सुई अर्ध्या बाहीत आणि कान माझ्याकडं. दारात गिऱ्हाईक ओरडे, "काकू, लग्न परवा हाय!" तर शकुबाई हातानंच गप्प बसा म्हणत, कारण तिकडं मृत्युपत्र वाचलं जात असे. दुसऱ्याच्या घरातला खून माणसांना किती गोड लागतो, हे मी तिथं पाहिलं. गुन्हेगार कोण, यावर मायलेकांची पैज लागे. शकुबाई बहुतेक वेळा हरायच्या आणि अमरला चिडवून वचपा काढायच्या.

"खोक्यातले चोर तं रोज पकडतं. तुह्या भरतीचं कवा होते रे बाप्पा?"

तो हसायचा. रोजचीच मस्करी होती ती.

एका बुधवारी अमर बाहेरून आला, माझ्याजवळ बसला आणि सायबर कॅफेतून आणलेला कागद त्यानं उलगडला. निवडयादी होती. तिसऱ्यांदा त्याचं नाव नव्हतं, तेही एका गुणानं. त्यानं कागदाची घडी पँटच्या खिशात घातली आणि माझा आवाज मोठा केला. आतल्या खोलीत आईला हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून. थोड्या वेळानं शकुबाई बटणांचा डबा घेऊन बाहेर आल्या. त्या बिचारीला काय कल्पना! नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, "खोक्यातले बस झाले आता. भाईर एखादा तं पकडून दाखव."

त्या दिवशी अमर हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरात नव्हता. मोबाईल बंद. मला मशीनवरच ठेवून गेला.

पोलिसांत तक्रार झाली. पण शकुबाईंचं तेवढ्यावर समाधान होईना. त्यांनी सगळ्या कादंबऱ्या पहिल्यापासून ऐकायला घेतल्या, करमणुकीसाठी नव्हे, शिकण्यासाठी. डिटेक्टिव्ह कुणाला काय विचारतो ते ऐकायच्या आणि बाहेर पडायच्या. अंगणात अमरच्या चपलेचा एक ठसा राहिला होता, तो मोडू नये म्हणून त्यावर परात पालथी घातली. शेजारणी हसल्या. मला हसू आलं नाही. बसस्टँडवरचा चहावाला म्हणाला, पोरगा पुसदच्या गाडीत चढला. शकुबाई पुसदला चारदा जाऊन आल्या. तिथं कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

मग एकदा खुंटीवरची त्याची पँट धुवायला काढली, तर खिशातून तो कागद निघाला. शकुबाईंनी त्यावरची तारीख वाचली, त्याच बुधवारची. बोट ठेवून पुन्हा वाचली. मी बोलत होतो, मला त्यांनी मध्येच बंद केलं. कागद, पँट आणि मला पिशवीत घालून त्या थेट पोलीस ठाण्यात गेल्या.

"गुन्हेगार सापडला, मॅडम," वर्षा नावाच्या हवालदारबाईंना त्या म्हणाल्या. "याच्यातल्या साऱ्या गोष्टीत शेवटी थोच निघते, ज्याच्यावर कोनालेच डाऊट येत नाही. मीच निघाली. लिवा माह्यं नाव."

"काकू, असं नाही लिवता येत."

"काहून? नापास झालतं लेकरू. त्याच दिवशी म्याच हाकललं त्याले, ह्याच तोंडानं."

वर्षाबाईंनी पेन ठेवलं आणि उठून पाणी आणलं. शकुबाईंनी ग्लासाला हात लावला नाही.

त्याला आता दीड वर्ष झालं. मी फळीवर पडून असतो. ब्लाउज हल्ली अगदी वेळेवर तयार होतात. माझं बटण कुणी दाबत नाही. माझी बॅटरी फुगली आहे, फार दिवस काही मी काढणार नाही. खरं सांगतो, मला काळीज असतं तर ते केव्हाच फुटलं असतं.

अमर, त्या बुधवारी मी तिथं होतो. तू कागद वाचलास तेव्हा तुझी आई आत बटणं शोधत होती. तिला ठाऊक नव्हतं रे. जिथं असशील तिथून एक फोन लाव. तू काही बोलला नाहीस तरी चालेल. ती "हॅलो" म्हणेल, तेवढं ऐकून घे.