खिशात राहिलेला वजीर

मित्रांनो, मी एक जुना काळा वजीर आहे. राज्य नाही, फौज नाही, नावाला तेवढा वजीर. माझ्या संचातला आधी एक उंट हरवला, मग दोन प्यादी गेली आणि उरलेल्यांची रवानगी अडगळीत झाली. मी वाचलो, कारण बुद्धिबळाच्या स्पर्धेत जादा वजीर लागतो.

एका कातारी कारागिराने मला काळ्या लाकडातून घडवले, बुडाला हिरव्या बनातीचे मऊ कापड चिकटवले आणि फुंकर मारून भुसा उडवला. तेव्हा वाटले होते, आता आपण लढाया मारणार. नशिबी आले पटाशेजारी बसून राहणे. प्यादे पटाच्या टोकाला पोचले की त्याचा वजीर करता येतो. पण पहिला वजीर अजून लढत असेल तर दुसरा आणायचा कुठून? त्यासाठी आम्ही. बहुतेक डावांत आमची गरजच पडत नाही, पण पडली की ताबडतोब पडते. या वाट पाहण्याने माझा स्वभाव धास्तीखोर झाला आहे. सगळे सुरळीत चालले असले तरी मला वाटते, आज काहीतरी होणार.

पंच तयार करणाऱ्या एका वर्गात मी बरीच वर्षे काढली; तिथूनच आम्हाला स्पर्धांना नेत. तिथे एक बाई शिकायला आली. ती बसमध्ये कंडक्टर होती, म्हणून सगळे तिला कंडक्टरताई म्हणत. नियम तिला तोंडपाठ होते. अडचण सवयीची होती. लेखी परीक्षा झाल्यावर खऱ्या स्पर्धेत काम करून दाखवावे लागते आणि मोठ्या पंचांचा चांगला शेरा मिळाला तरच प्रमाणपत्र मिळते. पहिल्या स्पर्धेत एका खेळाडूची वेळ संपत आली होती. झोपलेल्या प्रवाशाला ‘तुमचा स्टॉप आला’ म्हणून सांगावे, तसे तिने त्याला घड्याळ बघायला सांगितले. पंचाने असे सांगायचे नसते. शेरा पडला, ‘अजून तयारी नाही.’

तिला आणखी एकच संधी होती. ती हुकली तर सगळे पहिल्यापासून, आणि डेपोच्या साहेबांनी तर यापुढे रजा नाही असे बजावले होते.

त्या दुसऱ्या स्पर्धेच्या सकाळी प्रत्येक टेबलावर जादा वजीर मांडण्याचे काम तिच्याकडे होते. खिडकीजवळच्या टेबलाशी तिने पांढरा वजीर ठेवला, मला हातात घेतले, तेवढ्यात कुणीतरी बंद पडलेल्या घड्याळासाठी हाक मारली. मी गेलो कोटाच्या खिशात. मग दिवसभर धाकधूक वाढली की ती खिशात हात घालून मला घट्ट धरायची. आपण कशाला धरले आहे याकडे तिचे लक्षही नव्हते. खरे सांगतो, मला फार बरे वाटले. इतका वेळ मला कुणी कधी हातात धरले नव्हते. पण खिडकीजवळची माझी जागा रिकामी होती आणि मला बोलता येत नव्हते.

शेवटी तेच झाले. त्या टेबलावर जाड चष्म्याचे एक आजोबा काळ्या सोंगट्या घेऊन एका दंतवैद्याशी खेळत होते. त्यांचे प्यादे टोकाला पोचले. वजीर हवा होता, वेळ थोडीच उरली होती. ते टेबलभर चाचपू लागले. काखेत कळसा म्हणतात तशी गत, फक्त काख दुसऱ्याची होती. शेवटी त्यांनी मेलेला हत्ती उचलला, उलटा करून पटावर ठेवला, ‘वजीर’ म्हणाले आणि घड्याळ दाबले. दंतवैद्याने हात वर केला.

कंडक्टरताई आली. सवयीने तिचा हात खिशात गेला, बोटांना मी लागलो आणि बोटे थिजली. तिने टेबलाकडे पाहिले. तिथे एकटा पांढरा वजीर होता. मोठे पंच तिच्या मागेच उभे होते. त्यांना काही ठाऊक नव्हते. ती गप्प राहिली असती तर वजीर कुठे खाली घरंगळला असेल असे सर्वांनी धरले असते.

“उलटा ठेवला तरी नियमाने तो हत्तीच, काका,” ती हळू आवाजात म्हणाली. “घड्याळ थांबवून मला बोलवायला हवं होतं. डाव असाच पुढे चालेल.” मग तिने मला बाहेर काढून पटाशेजारी ठेवले. “आणि या टेबलाचा वजीर माझ्या खिशात राहिला होता. ती चूक माझी.”

आजोबांनी माझ्याकडे पाहिले. “म्हणजे होता तर,” एवढेच ते म्हणाले.

त्यांना एक तिरका शह हवा होता आणि हत्तीला तिरके चालता येत नाही. दंतवैद्याने लगेच मात केली. मी शेजारी उभा राहून सगळे पाहिले.

संध्याकाळी मोठे पंच शेरा लिहीत असताना तिचा हात पुन्हा खिशात गेला. खिसा रिकामा होता. त्यांनी लिहिले, ‘निर्णय बरोबर. स्वतःची चूक स्वतः सांगितली. पंच म्हणून योग्य. कोटाचा खिसा शिवून बंद करावा.’ वाचून ती हसली, आणि मग जिन्यात बसून आजोबांसाठी रडली.

तिने खिसा खरेच शिवून बंद केला. मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. आम्हाला खिशात, मुठीत, मायेने जपू नका. डाव सुरू होण्याआधी आमच्या जागी ठेवा. ते आजोबा अजून खेळायला येतात. बसण्याआधी बोट लावून मी आहे ना ते बघतात. ताई लांबून त्यांच्याकडे पाहत असते. मी दरवेळी असतो. तरी ते बघतात.