उताण्या सात फेऱ्या

पद्मावतीनं चौसष्टाव्या वर्षी पोहायला शिकायचं काढलं, तेव्हा गावातल्या शहाण्यांनी लगेच 'साठी बुद्धी नाठी' म्हणून टाकलं. म्हणोत बापडे. पुराच्या वर्षी चौघांनी पोत्यासारखं उचलून होडीत टाकलं होतं ते तिला, त्यांना नव्हे. ते अजून झोंबत होतं.

त्यात लेकानं, सम्मेदनं, फर्मान काढलं. "आई, पावसाळ्याआधी शहरात, विश्रामबागेत माझ्या फ्लॅटवर यायचं. हे नदीकाठचं घर बंद. तुला पोहायला येत न्हाई. परत पूर आल्यावर तुला कोण बघणार?"

"येत न्हाई तर शिकते. विहिरीत सात फेऱ्या मारल्या, तर घर बंद करायचं नाव काढायचं न्हाई."

सम्मेद हसला आणि कबूल झाला. तो हसला, हे तिनं बरोबर ध्यानात ठेवलं.

शिकवायला शेजारची मनुबाई, सत्तरीची, पण पाण्यात बेडकी. तिनं पद्मावतीला काष्टा घालायला लावला, पाठीला रिकामा डबा बांधला आणि विहिरीत ढकललं. गुडघे कुरकुरले, दम चार हातांत संपला. पण खरं घोडं पेंड खात होतं भलतीकडंच. श्वास घ्यायला तोंड उघड म्हटलं, की ही ओठ घट्ट मिटायची. जैनाघरचा नेम; जन्मात न गाळलेल्या पाण्याचा थेंब तिनं जिभेवर घेतला नव्हता. घरच्या नळालासुद्धा फडकं बांधलेलं.

"तोंड उघड, पद्माक्का."

"पाणी जातंय आत."

"मग बूड."

"बुडीन. पण न गाळलेलं पिणार न्हाई."

मनुबाईनं कपाळाला हात लावला. दोन महिने हेच चाललं. पद्मावती गुदमरायची, चिडून रडायची, घरी जाऊन गुडघ्यांना तेल चोळायची आणि सकाळी परत हजर.

एके दिवशी दोर सुटला. डबा एकीकडं, पद्मावती दुसरीकडं. धडपडताना ती उलटली आणि उताणी झाली, तर तोंड आभाळाकडं, पाणी कानापाशी थांबलेलं. श्वास हवा तेवढा.

"अशीच मार हात," मनुबाई म्हणाली. "लोक हे शेवटी शिकत्यात, तू आधी शीक."

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सम्मेद विहिरीच्या पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. पद्मावतीनं पाण्यात पाठ टेकली. तिसऱ्या फेरीला दंड भरून आले, पाचवीला पोटरीत गोळा आला.

"बास कर आई, ये वर." तो वरून ओरडला.

ती हात मारत राहिली. सातवी फेरी संपवून पायरी धरली आणि आनंदानं तोंड भरून हसली.

सम्मेदनं लांबूनच हात पुढं केला. पाण्यापासून दोन पायऱ्या सोडून उभा होता, त्याखाली उतरेना. बुडेल म्हणून लहानपणी तिनंच त्याला कधी पाण्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. आता चाळिशी आली तरी त्याला पोहता येत नव्हतं.

तिनं त्याचा हात धरला नाही. आपली आपण वर आली आणि पायरीवरचा डबा आणि दोर उचलला.

"घर बंद व्हायचं न्हाई," ती म्हणाली. "आता पाठ कर इकडं. पूर आल्यावर तुला कोण बघणार?"