सर्जेरावांचं मिग

बँकेनं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि गोपाळकृष्ण मेहेंदळे चौपन्नाव्या वर्षी घरी बसले. ते पहिले काही महिने त्यांच्या पत्नीला, ललिताबाईंना, फार जड गेले. मुलगा हैदराबादला संगणक कंपनीत होता आणि ललिताबाई स्वतः मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. दुपारी घरी याव्यात तर नवरा खिडकीशी बसलेला, हातात सकाळचाच पेपर. जेवलात का विचारलं तर म्हणायचे, "आठवत नाही. भांडी बघ."

मग एकदा खडकीला जाताना चौथऱ्यावर उभं केलेलं एक जुनं लढाऊ विमान त्यांना दिसलं. कित्येक वर्षं त्याच रस्त्यानं ये-जा केली होती, पण त्या दिवशी स्कूटर थांबवून त्यांनी मागे बसलेल्या ललिताबाईंना विचारलं, "हे कोणतं असेल गं?"

"मला काय ठाऊक? उडत नाही, एवढं दिसतंय," ललिताबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ते सायबर कॅफेत गेले आणि उत्तर घेऊनच परतले. तेव्हापासून रविवार विमानांचे झाले. कुठल्या बागेत, कॉलेजच्या आवारात, छावणीच्या फाटकाशी एखादं विमान उभं आहे असं कानावर आलं, की हे निघालेच. विमानाची जात ओळखायची, फोटो काढायचा आणि नंबर टिपायचा. नंबर मिळाला नाही तर ते विमान मोजणीत धरायचं नाही. "निवृत्त माणूस निवृत्त विमानं शोधत फिरतोय," असं ललिताबाई शिक्षकांच्या खोलीत सांगून सगळ्यांना हसवत. पण नवरा आंघोळ करताना पुन्हा शीळ घालू लागला होता. म्हणून मागच्या सीटवर बसून डबा सांभाळायची त्यांची तक्रार नव्हती.

त्या रविवारी दोघं लोणी काळभोरच्याही पुढे, सोलापूर रस्त्यावरच्या एका गावी गेले. रस्त्याला लागून नवं कोरं मंगल कार्यालय होतं, आत लग्नाची गडबड चालली होती आणि बाहेर उंच चौथऱ्यावर झगझगीत निळं रंगवलेलं विमान. त्याखाली चौथऱ्याच्या वरच्या कडेला पाटी : 'मिग-२१'.

गोपाळकृष्णांनी विमानाला एक फेरी मारली आणि ते खुशीत हसले. "मिग नाहीच हे! मिगचं तोंड नळीसारखं उघडं असतं. ह्याचं टोकदार आहे. मागे बघ, धूर सोडायची दोन नळकांडी. मिगला एकच. मारुत आहे हे, मारुत! आपल्या बंगळुरात बनलेलं."

"कोण म्हणतंय मिग न्हाई?"

मागे फेटा बांधलेले एक भारदस्त गृहस्थ उभे होते. हे सर्जेराव, गावचे माजी सरपंच आणि कार्यालयाचे मालक. हवाई दलाकडे खेटे घालून विमान गावात आणलं होतं त्यांनीच.

"साहेब, पंचक्रोशी ह्याला मिगवालं कार्यालय म्हंती. पत्रिकेवर छापत्यात लोक."

"पत्रिकेवर छापल्यानं विमान बदलत नाही."

"मग पुरावा द्या. नळकांडी-बिळकांडी मला सांगू नगा."

गोपाळकृष्णांचा आवाज चढला. "पुरावा नंबरात असतो! मिगचा नंबर सी-नं सुरू होतो, मारुतचा डी-नं. पण तुमच्या रंगाऱ्यानं नंबरच बुजवलाय. आता काय, विमानालाच विचारू?"

लग्नाला आलेले चार-सहा लोक भोवती जमले. सर्जेरावांचे डोळे बारीक झाले. आता ह्यांना इथून हाकलणार, असं ललिताबाईंना वाटलं. नवऱ्याचा उतरलेला चेहरा घेऊन घरी जायची कल्पना त्यांना सोसेना. त्या चौथऱ्याच्या पायऱ्या चढल्या आणि टाचा उंचावून विमानाच्या अंगावरून हात फिरवू लागल्या. निळ्या रंगाखाली एका जागी बोटांना हलकीशी कड लागली. जुन्या नंबराच्या रंगाचा थर.

"सर्जेराव, तुमच्या आचाऱ्याकडे कोळसा आहे का? आणि एक पातळ कागद."

"कोळसा? कशापाई?"

"पाचवीच्या मुली नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात. तेच करायचंय, नाणं जरा मोठं आहे इतकंच."

सर्जेरावांनी हाक मारली. कोळसा आला, मिठाईच्या खोक्यातला कागद आला, शिडीही आली. ललिताबाईंनी पदर खोचला आणि वर चढल्या. गोपाळकृष्णांनी कागद ताणून धरला. कोळसा आडवा धरून त्या हलक्या हातानं घासू लागल्या.

आधी वरची कमान उमटली. मग खालची.

"सी हाय!" सर्जेराव ओरडले. "बगा, सी!"

गोपाळकृष्णांनी कागद आणखी घट्ट ताणला. ललिताबाईंनी कोळसा डावीकडे नेला आणि पुन्हा घासला. तिथे वरपासून खालपर्यंत सरळ, ठसठशीत उभी रेघ उमटली. मग उजवीकडे घासल्यावर कमानी एकमेकींना जाऊन मिळाल्या.

"डी," त्या म्हणाल्या.

"डी!" गोपाळकृष्ण इतक्या जोरात ओरडले की सनईवाला थांबला. पुढचे आकडेही एकेक करून निघाले. गोपाळकृष्ण ते मोठ्यानं वाचत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

सर्जेराव मात्र पाटीकडे बघत खिन्न उभे होते. "सगळ्यांना मिग सांगून बसलोय. आता ह्ये मारुत म्हंजी काय, म्हणून इचारत्याल लोक."

"मारुत म्हणजे वारा," शिडीवरूनच ललिताबाई म्हणाल्या. "मारुती त्याचाच मुलगा."

सर्जेरावांनी वळून रस्त्यापलीकडच्या देवळाकडे पाहिलं. गावाचं दैवत मारुतीच होतं. मग हळूहळू त्यांच्या मिशीखाली हसू पसरलं.

"म्हंजी आमच्या देवाचा बाप हाय ह्यो! आन् वर आपल्या देशातला! आरं, नारळ आणा रं!" मग ते गोपाळकृष्णांकडे वळले. "साहेब, रागावू नगा. जेवल्याबिगर जायचं न्हाई. आन् बाई, तुमचा हात झ्याक हाय. पाटी तुमीच रंगवायची."

पंगतीत जिलबी आग्रहानं वाढली गेली. घरून आणलेला डबा तसाच राहिला. जेवणं होईपर्यंत कुणीतरी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणून ठेवला होता. ललिताबाई पुन्हा शिडीवर चढल्या. शाळेच्या फळ्याखेरीज एवढी मोठी अक्षरं त्यांनी कधी काढली नव्हती, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या थांबून बघत होत्या. खाली नवरा-नवरी फोटोसाठी ताटकळत होते.

"'मा' जरा मोठा झालाय," शिडी धरून उभे असलेले गोपाळकृष्ण म्हणाले.

"तुम्ही शिडी नीट धरा," ललिताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी 'रु' काढायला घेतला.